पाचपैकी अडीच

अडीच तारे.
अर्धा तारा कसा छापतात, पाहिलंस?
डावी बाजू काळी, उजवी पोकळ,
जणू कुणी जेवता जेवता ताटावरून उठून गेलं.

डूगल पाव भाजतोय, पाठ माझ्याकडे.
मोठ्यानं मीच वाचते,
कारण त्याला म्हणे चष्मा सापडत नाही,
आणि चष्मा कपाळावर.

'एकवीस वर्षं सॉल्ट लॉरीजच्या मागे उभा राहिलेला माणूस
अखेर पुढे आला,
आणि तिथेही मागेच उभा राहिला.'
हे लंडनचं साप्ताहिक.
वाक्य चांगलंय, तो म्हणतो. लोणी दे.

दुसरा लिहितो: आवाज कोरडा.
बँडचा गायक असता तर या गाण्यांचं सोनं झालं असतं.
त्या गायकाचा अजून फोन नाही.
फुलं आली, कार्डावर सेक्रेटरीचं अक्षर.

तिसरी तक्रार मला पटते, म्हणून हळू वाचते:
बास वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या रेकॉर्डवर
खर्जच ऐकू येत नाही.

तो वळत नाही.
मिक्सिंगची ती रात्र मला आठवते.
बटण खाली, अजून जरा खाली.
इंजिनिअर पोरगी म्हणाली,
मिस्टर रॅटरे, हे तुमचंच वाद्य ना?
इतरांना जागा हवी, हा म्हणाला.
इतर कोण?
सगळी वाद्यं त्यानंच वाजवली होती.

उरलं आर्ब्रोथचं बुधवारचं पत्र.
मासळीचे भाव आणि मयतांच्या मध्ये चार इंच मजकूर.
लिहिणाऱ्या मिसेस पेट्री एरवी गुलाबांच्या छाटणीवर लिहितात.
तारे देत नाहीत.
'चौथ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर
एक खुर्ची करकरते.
कुणीतरी बसलंय तिथे
आणि हलायचं नाही म्हणून धडपडतंय.
तेवढी जागा मी सहा वेळा ऐकली.'

मी थांबते.
फेब्रुवारी होता. हीटरची घरघर माइकात यायची
म्हणून तो बंद, आणि मी कोट घालून, हात काखेत,
याच खुर्चीवर.
किती वेळा म्हटलं होतं, ती करकर काढून टाक.
तेवढी एक गोष्ट त्यानं ऐकली नाही.

आता चष्मा डोळ्यांवर येतो.
कात्रण घेतो, खिडकीपाशी नेतो,
टे नदीकडे तोंड करून उभ्यानं वाचतो,
मग परत पहिल्या ओळीपासून.

'तो अर्धा,' म्हणतो, 'तुझा असणार.'

पाव करपलाय.
लोणी अजून माझ्याच हातात.