नाव घालून मिळेल

भांडीबाजारात, गोदेकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी
माझं स्टूल, माझं मशीन, आणि पत्र्याची पाटी.
अक्षराला दोन रुपये. तारीख फुकट.
नाशकात लग्नं लागतात तोवर आपल्याला मरण नाही,
असं म्हणायचो.

तो आला तेव्हा बाजार जेवायला गेला होता.
गोणपाटात एक परात, दोन तांबे.
भर मे महिन्यात बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या,
आणि जबडा नुसता चाललेला,
तोंडात काही नसताना.
"काका, नाव घासून द्या.
नाव असलं की मोडवाला फार विचारतो."

परात उलटी केली.
सौ. शैलजा पुंडलिक गागुर्डे. ७-५-९७.
गांगुर्डेवरचा अनुस्वार नाही.
तेव्हा मशीन नव्हतं, छिन्नी होती,
लग्नसराईत दिवसाला चाळीस रुखवतं,
एक ठिपका राहून गेला होता.
माझ्याच हातचा.

काय केलं म्हणता?
वीस रुपये घेतले. घासलं.
नावाखालून पितळ असं पिवळंधमक निघालं
की तिथं कधी कोणी नांदलंच नव्हतं.

चार दिवसांनी बाई आली, सातपूरच्या बसनं,
दुकानादुकानात पराती उलट्या करत.
"आधी मिक्सर गेला. मग सिलिंडर.
मग ह्यांनी कंपनीतून उचल घेतलेली, ती.
परात पिठाच्या डब्यामागे ठेवली होती हो मी.
रात्रभर जागा असतो. टेबलफॅन उघडतो, पुन्हा जोडतो,
उघडतो, जोडतो.
पूर्वी हसला तर शेजारचे दार वाजवायचे.
आता ती पावडर हसते त्याच्या तोंडानं.
ओळखू येईल बघा परात, अनुस्वार नाहीये आमच्या नावावर,
सासूबाई जन्मभर चिडवायच्या,
अर्धीच आलीस म्हणून."

मी मशीन चालू केलं.
समोर भांडं नव्हतं.
नुसतंच घरघरू दिलं, ती वळून जाईपर्यंत.

दसऱ्यानंतर पुन्हा आली.
नवं कोरं स्टील : ताट, वाटी, पेला.
"मुलाचं नाव घाला. हेमराज.
दिंडोरी रोडला ठेवलाय त्याला.
तिथं साठ पोरं, ताटं एकसारखी, बदलाबदली होते."
तारीख घालू का, विचारलं.
"तारीख नको.
मागच्या वेळी घातली होती."

मागच्या वेळी.

त्या दिवशी मशीन बाजूला सारलं, छिन्नी काढली.
हात थरथरतो आता, तरी.
हेमराज पुंडलिक गांगुर्डे.
ठिपका इतका खोल मारला
की ताटाला पाठीमागून पुळी आली.
पैसे नको म्हटलं.
तिनं मशीनखाली नोट सरकवली आणि गेली.
वीसची.
तिला कळलं होतं की काय, कोण जाणे.

दिवेलागणीला मोडवाल्याचा काटा थांबतो
तेव्हा मी हल्ली तिथं जाऊन उकिडवा बसतो.
ढिगातलं एकेक स्टीलचं ताट उचलतो,
पाठीवरून बोट फिरवतो,
पुळी लागते का बघतो.
तो ओरडतो, काय हुडकतोस रे म्हाताऱ्या रोज?
काही नाही, म्हणतो मी.

आजपर्यंत तरी
काही नाही.