बोट

ओस्ला हॅलक्रो मंगळवारी आली,
स्वेटरच्या कोपरांवर दुसऱ्याच रंगाचं रफू,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात घराचे कागद, दोन पासबुकं,
आणि कुठल्या कुलपाची ते तिलाही आठवेना
अशी एक किल्ली.

मी लेरविकला वकिलांकडे कारकून, एकोणीस वर्षं.
लोक माझ्याशी मरणाबद्दल बोलतात
ते छत गळतंय म्हणून सांगावं तसं :
किती खर्च येईल, कधीपर्यंत होईल.

घर भाच्याला, तो ऑकलंडला.
"विकेल. विकू दे."
विणायचं मशीन शेजारच्या इंगाला.
"तिला सांगा, डावीकडची तिसरी सुई चुकार आहे."
मी तेही लिहिलं.
साहेबांनी खोडलं.
मी पुन्हा लिहिलं.

आणि उरलेलं?
सगळी देणी भागवून जे मागे राहतं
त्यालाही कायद्यात एक नाव असतं, एक कलम असतं.
तिनं नाक पुसलं.
"येलच्या धक्क्यावर वेटिंग रूम आहे ना,
तिथे हीटर बसवा.
आणि त्याचं बिल भरत राहा."

कुणाच्या नावे?

"ज्याची शेवटची बोट चुकली, त्याच्या."

मी समजावलं, बाई, इच्छा कसलीही चालते,
पण तिला पत्ता लागतो.
संस्था लागते, नोंदणी क्रमांक लागतो.
बोट चुकलेल्यांची संस्था नसते.
"असते," ती म्हणाली,
"रोज रात्री शेवटची बोट गेली
की त्यांची सभा भरते."

मग सांगितलं. अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी,
आई इथे दवाखान्यात, निरोप संध्याकाळी उशिरा आलेला.
ती धावत धक्क्यावर पोचली
तेव्हा बोटीचा दिवा पाण्यावर एवढासा.
रात्रभर त्या बाकावर.
पहाटेच्या पहिल्या बोटीनं निघाली, दवाखान्यात आली,
तर आई उठून बसलेली, चहा पीत.
हिलाच ओरडली, ओठ निळे का म्हणून.

मी पेन धरून थांबले, पुढे काय.

"पुढे काही नाही.
कुणी मेलं नाही.
थंडी वाजली, एवढंच."

शेवटी त्यांच्या गावच्या हॉलची समिती सापडली,
रीतसर नोंदलेली, अध्यक्ष मॅग्नी मौआट,
ज्यांच्याकडे पियानोचा पाय बसवायलाही पैसे नव्हते.
कलम तिनं सांगितलं, मी टाइप केलं :
*दाराला कुलूप नसावं. तिकीट विचारू नये.
कारण विचारू नये.*

पानापानावर सही करताना
ती फाइलच्या कव्हरवर थांबली. मृत्युपत्र.
त्या शब्दावर तिनं बोट ठेवलं,
सांध्यात सुजलेलं, सुयांनी वाकडं केलेलं.
"मरणाचं यात काय आहे?"
मी खोडलं. इच्छापत्र लिहिलं.
या वेळी साहेब काही बोलले नाहीत.

ती गेली त्याला तीन वर्षं झाली.
परवा इंगाचा फोन आला, सुईबद्दल नव्हे.
गावातली दोन पोरं
मुद्दाम बोट चुकवतात म्हणे,
एक मुलगा, एक मुलगी,
हीटरपुढे बोटं धरून बसतात, रात्रभर, हसत.
समितीत कुरबुर आहे.
हे कलमात बसतं का?

मी फाइल काढली. वाचून दाखवलं.
पलीकडे जरा वेळ नुसता वारा ऐकू आला.

किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
ती कुठल्याच कलमात बसली नाही.