पान नऊ

एकेचाळीस पानं लिहिली होती हिल्कानं.
बाण होते, चौकोन होते, चौकोनांच्या पोटात चौकोन,
आणि पान नऊवर, खालून तिसऱ्या ओळीत, एवढंच:
‘बोट सुटली की तिकीटविक्री थांबेल.’

कुणाला काय खटकणार त्यात?
मी समासात ‘छान’ लिहिलं.
खरं सांगायचं तर पान सातनंतर
मी नुसताच खाली सरकत होतो.
बाहेर तुर्कूची नदी गोठत चालली होती
आणि मला चारची बस गाठायची होती.

यार्कोनं मात्र वाचलं. नीट वाचलं.
त्याच्या लेखी बोट सुटते
ती बंदराचा शेवटचा दिवा ओलांडते तेव्हा;
उपग्रहाला तसंच दिसतं.
हिल्काच्या मनात होतं,
गाड्या चढवायची लोखंडी फळी उचलली, की सुटली.
दोघंही बरोबर.
दोघांच्या मधे चार मिनिटांचं काळं पाणी.

जानेवारीत त्या पाण्याच्या काठाशी
पावांची एक गाडी येऊन थांबली.
राईचे दोनशे पाव, वर टॉवेल पांघरलेले,
चाकामागे आउने नावाची बाई,
आणि फोनवर नुकतंच घेतलेलं तिकीट:
‘बोट धक्क्यावर आहे.’
धक्क्यावर बोट नव्हती.
बाईंनी फोनकडे पाहिलं, मग समुद्राकडे,
मग पुन्हा फोनकडे,
जणू दोघांपैकी कुणीतरी शुद्धीवर येईल.

बेटावरच्या शाळेत त्या दिवशी पोरांनी
सुक्या बिस्किटांवर दुपार भागवली.

आमच्याकडे बैठक बसली.
यार्को म्हणाला, लिहिलंय तसंच केलं.
हिल्का म्हणाली, लिहिलंय तसं केलंच नाही.
आणि दोघांनी बोट ठेवलं
ते एकाच ओळीवर.
शेजारी माझं ‘छान’.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धक्क्यावर गेलो.
पेंटी दोर गुंडाळत होता, मिशीवर हिम.
बोट नक्की कधी सुटते हो?
‘कुणाची?’ तो म्हणाला.
‘माझी, दोर काढला की.
कप्तानाची, त्यानं वहीत वेळ टाकली की.
धावत येणाऱ्याची
त्याच्याही आधी सुटलेली असते.’

नवा कागद लिहायला हिल्काला नऊ दिवस लागले.
एकेचाळीसची सहा पानं झाली.
पहिल्याच पानावर, बाणांच्याही आधी:
‘सुटणे, म्हणजे फळी धक्क्यावरून उचलली जाते तो क्षण.
या कागदात त्याला दुसरा अर्थ नाही.’
आणि शेवटी एक मथळा,
असा मी आजवर कुठल्याच कागदात पाहिला नव्हता:
‘आम्हाला अजून ठाऊक नसलेलं.’
खाली अर्धं पान कोरं.

वीस मिनिटं बैठकीत कुणी बोललं नाही.
सगळे वाचत होते.
हीटरची टकटक, कुणाच्या तरी पोटाची गुरगुर.
माझा हात सवयीनं समासाकडे गेला,
‘छा’ लिहूनही झाला होता.
तो खोडला.
कोऱ्या जागेत लिहिलं:
‘थंडीनं फळी अर्ध्यावरच गोठली तर?’

हिल्कानं वाचलं, चष्मा काढला,
पुन्हा घातला.
यार्कोनं खुर्ची माझ्याकडे वळवली.
‘हे मागच्या वेळी कुठं होतं?’

पान सातवर, मी म्हणालो.
तिथंच सुटलं होतं.