हेल्मेटावरचं बेसांव

कुडतरीहून रात्रपाळीला निघालो, गाडी सुरू,
तेवढ्यात पिएदाद मावशी फाटकाशी:
"थांब रे, बेसांव!"

तिचा हात तारल्यांच्या खवल्यांनी भरलेला,
माझं कपाळ हेल्मेटात.
काढायचा कंटाळा. मान तेवढी वाकवली.
तिनं काचेवरच अंगठ्यानं क्रूस ओढला.
"देव बेसांव घालूं, पोरा. हळू जा.
आणि झेलियाला फोन कर.
भांडण घेऊन कुणी झोपू नये."

बोरीच्या पुलावर समोरून ट्रक आला.
काच उजळली:
एक रेघ उभी, एक आडवी,
मधोमध चिकटलेलं
चांदीचं एक खवलं.

रस्ता नीट दिसेना. पुसायला हात उचलला,
तसाच खाली घेतला.

पूल उतरून गाडी बाजूला लावली.
वास अजून येत होता.
झेलियानं तिसऱ्या रिंगला उचलला.