चुंबक

फजरची नमाज झाली की
नबीलाल पंक्चरवाला
फुटक्या लाऊडस्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
अक्कलकोट रोडनं ओढत निघतो,
पाळलेलं कुत्रं फिरवावं तसं,
पार टॉवेलच्या कारखान्यांपर्यंत.

खिळे. तारा. मागाच्या फणीची तुटकी पाती.
तेलाच्या डब्यात टण्ण.

मी पहिल्या पाळीचा जॉबर.
एकदा सायकल थांबवून म्हणालो,
काय बे नबी,
हे एकेक तुझं गिऱ्हाईक की.
चाळीस रुपयांचा खिळा उचलतोस कशाला?

तो हसला, तंबाखूच्या दातांनी.
"वाटेतली इजा बाजूला सारणं हा पण सदकाच,
अब्बा सांगायचे.
खिशात काय नसलं तरी देता येतो."
मग सुतळी मनगटाला गुंडाळत,
"आणि जुन्या ट्यूबा हायतच की बे सोलापुरात."

मे महिन्यात, डांबर चपलेला धरत होतं तेव्हा,
नेमकं त्याच्या दुकानासमोर
माझं मागचं चाक बसलं.
त्यानं ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडा शोधला,
टायरमधून ओढून काढला
बाभळीचा काटा.

चुंबकाला लाकूड कळत नाही.

काटा तळहातावर घेऊन तो बघत राहिला,
जणू त्यानंच ठेवला होता तिथं.
पैसे पुढे केले तर हात मागे.
"राहू दे. हा माझ्याकडनं राहिला."

दुसऱ्या दिवशी,
भोंगा व्हायच्या आधी, अर्धवट उजेडात,
तोच रस्ता, तोच माणूस,
सुतळी डाव्या हातात
आणि उजव्या हातात
कुणाकडनं तरी मागून आणलेला खराटा.