एकक सहा

ग्रिम्सबीत रात्री दोनला
केअर होमच्या पॅन्ट्रीत मी अभ्यासक्रम उलगडते.
वैजयंतीनं वाशिममध्ये बसून
हिंदीवरून मराठीत उतरवलेला, तिच्याच अक्षरात,
शिरोरेषा एका दमात ओढायची तिची जुनी सवय.
मी इथल्या लायब्ररीत छापून घेतला, वीस पेन्सला एक पान.
निरोप होता: पाठ करू नको, आधी नुसता समजून घे,
नव्या घरात दिव्यांची बटणं शोधतो ना, तसा.
ती नेट पास होऊन नऊ वर्षं झाली.
अजून तासिकेवर.
तासांचे पैसे दिवाळीला येतात, नाहीतर होळीला.
तरी म्हणते, दे.

एकक एक. अध्यापनाचे तीन स्तर:
स्मृती, आकलन, चिंतन.
खालून वर चढायचं, असं गृहीत आहे.
सात नंबरातल्या ईनिड कॉप्लेबाई
बेचाळीस वर्षं भूगोल शिकवून
खालची पायरीच हरवून बसल्यात.
मुलाचं नाव नाही, आजचा वार नाही,
पण पेला डाव्या हाताशी ठेवला की विचारतात,
"का बरं?"
आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.
माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत
इतकं कुणी थांबलं नव्हतं.
हे कुठल्या स्तरात बसतं, पानावर दिलेलं नाही.

एकक पाच, गणित. ते पुढच्या आठवड्यात.

एकक सहाला मी दचकते.
संप्रेषण, विदा, मूल्यमापन,
असल्या कडक इस्त्रीच्या शब्दांत
एकदम ओळखीचे चेहरे:
प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी.
विमानतळाच्या रांगेत मागून कुणी म्हणावं,
काय वं बाई, कुठची तू?

अनुमान मला पाठ आहे.
डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर आग.
माझ्या भाड्याच्या खोलीत मोहरी तडतडली की
वरचं यंत्र हाच निष्कर्ष काढून बोंबलतं,
खालचा डॅरेन त्याच्या छताला झाडू ठोकतो,
मी खुर्चीवर चढून टॉवेल फडकावते,
अरे बाबा, हेत्वाभास! हेत्वाभास!

अर्थापत्ती:
देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे,
म्हणजे रात्री जेवतो.
नाइट ड्यूटीलाच असणार हा.
वैजयंतीला पगार नाही, तरी ती वर्गात जाते,
म्हणजे
हे उदाहरण मी अर्धंच सोडते.

अनुपलब्धी सगळ्यात शेवटी.
जमिनीवर घडा दिसत नाही,
म्हणून कळतं की घडा नाही.
नसणंही असं जाणता येतं.
पेन्सिल उचलते, घड्याऐवजी दुसरं काही लिहावं म्हणून.
समास बोटभर.
पेन्सिल ठेवून देते.

बझर. सात नंबर.
बाई उठून बसलेल्या. हातात काय आहे?
दाखवते. त्या पान उलटं धरतात, मग सुलटं,
शिरोरेषेवरून बोट नेतात शेवटपर्यंत.
"ही नदी की रेल्वे?"
मी सांगते, अक्षरं तिला लटकलेली असतात.
"मग रेल्वे. खाली स्टेशनं."
एवढं नेमकं मला पहिलीतही कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा आहे, मी म्हणते. प्राध्यापक होण्यासाठी.
केंद्र नागपूर, रजा मागायचीय, तिकीट बघायचंय,
वय एकोणचाळीस, पण त्याला अट नाही.
हे सगळं मी भराभर सांगते,
कुणी न विचारता.

"का बरं?"

खिडकीबाहेर गोदीकडून मासळीचा वास,
एक समुद्रपक्षी अवेळीच ओरडतो.
मी हातमोजे चढवते, चादर बदलायला घेते,
एक कोपरा, दुसरा कोपरा.
त्या थांबल्यात.