गुण्या

गलात्सीच्या गोदीत, डॅन्यूबवर धुकं अजून जाड असताना,
इलिंकाने कापलेली पाचवी प्लेट
गुण्याला बसेना.
वर काटकोन. खाली उजेडाची फट,
नखाएवढी.

नॉझल बदललं. हवेचा दाब पाहिला.
पडद्यावर सगळे आकडे शहाण्यासारखे बसलेले.
तरी ज्योत सरळ सुटायची
आणि पोलादाशी येताच कलायची डावीकडे,
मागून कुणी नावाने हाक मारल्यासारखी.

नेकुलाय आला, ओठात न पेटवलेली सिगारेट.
खिशातून दोरा काढला, दोऱ्याला दाढीचं अर्धं पातं.
कडेजवळ धरलं.
पातं ओळंब्यात राहिना.
तिरपं झालं, थरथरत,
साखळीतल्या कुत्र्याला ओळखीचा वास यावा तसं.

"हिला चुंबकाच्या क्रेनने आणलंय," तो म्हणाला.
"क्रेनने सोडलं.
हिने नाही सोडलेलं."

तारेतून वीज जाते तेव्हा
निदान तांब्याचं अंग असतं तिला, अडून राहायला.
या ज्योतीला अंगच नाही.
फाटलेला वायू, वेग आणि जाळ,
पोलादाचं पाणी करणारा,
आणि एवढ्याशा चुंबकपणाने
बाजूला सरणारा.
चुंबक तिला जवळ ओढत नाही, दूर लोटत नाही.
आडवा रेटा देतो फक्त,
पूल ओलांडणाऱ्या सायकलला वारा देतो तसा.

मग केबलचे सात वेढे प्लेटभोवती.
प्रवाह पुढे. प्रवाह मागे, जरा कमी.
पुन्हा पुढे, आणखी कमी.
मूल थोपटताना हात हलका करत न्यावा
आणि तो कधी उचलला
हे मुलाला कळू नये, तितकं सावकाश.
नेकुलायने तेवढ्यात एकदाच खोकून घेतलं.

पातं सरळ लटकलं.
सहावी प्लेट गुण्याला चिकटून बसली.
पाचवीची कड घासण्यात दुपार गेली,
आणि डाव्या मनगटावर ठिणगीचा एक डाग.

रात्री घरी तिने ते पातं धरून पाहिलं
किल्ल्यांवर, नळावर,
पलंगाच्या लोखंडी कठड्यावर. काही नाही.
आईच्या शिवणयंत्रापाशी, सुईजवळ,
ते किंचित हललं.
आई बोलोन्याला गेली त्याला चार वर्षं झाली,
तिथल्या कुणा म्हातारीला भरवायला, न्हाऊ घालायला.

इलिंकाने खिडकी लावून घेतली
आणि पुन्हा धरून पाहिलं.